उंबऱ्याजवळचा इतिहास

सुटी लागली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि बेत सुरू झाले कीं प्रत्येकाच्या तोंडीं दूरचीं नांवें येतात. कोणी रायगड म्हणतो, कोणी वेरूळ, कोणी हंपी. आणि ज्यांना सवड व पैसा दोन्ही आहेत ते समुद्रापलीकडच्या शहरांचीं नांवें घेतात. दूरचें पाहूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु 'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केलेली नाहीं. आपल्या उंबऱ्यापासून एका सकाळींत जाऊन येतां येईल एवढ्या अंतरावर काय घडून गेलें, हें ज्या घरांतील मुलांस ठाऊक नाहीं, तीं मुलें हंपीच्या भग्न खांबांपुढें उभीं राहून छायाचित्र काढून घेण्यापलीकडे काय करणार, अशी शंका आम्हांस पुष्कळ वर्षें येत आली आहे. शिवाय जवळचें स्थळ पाहण्यांत आणखी एक लाभ आहे, आणि त्याचा अनुभव आमच्या घरास नुकताच आला. तोच येथें सांगावयाचा आहे.

आमचें गांव धामणगांव बढे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत तें वसलेलें आहे. बाहेरगांवच्या पाहुण्यांस आमच्या जिल्ह्यांतील तीन नांवें बहुधा ठाऊक असतात: शेगांव, लोणार आणि सिंदखेडराजा. शेगांवास संत गजाननमहाराजांची समाधि आहे. लोणारास उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर व त्यांतील खारें सरोवर आहे. सिंदखेडराजा हें तर जिजाबाईंचें माहेर. हीं तीनही स्थळें पाहण्यासारखीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु आमच्याच तालुक्यांत, डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं असलेलें जें स्थळ, त्याचें नांव पाहुण्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. तें नांव रोहिणखेड.

रोहिणखेडाचें महत्त्व ध्यानांत येण्यास आधीं जमिनीची ठेवण पाहिली पाहिजे. वऱ्हाडांतील जुनीं माणसें आपल्या प्रांताचे दोन भाग करीत असत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार तो बालाघाट. आणि त्या रांगेच्या उत्तरेस, पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा, कपाशीचा सपाट मुलूख तो पायनघाट. बुलढाणा शहर वर, आम्ही खालीं. मोताळ्याहून बुलढाण्यास जावयाचें तर राजूरचा घाट चढावा लागतो. आज मोटार हा घाट बोलतां बोलतां चढून जाते, म्हणून घाट म्हणजे काय हें मुलांस कळत नाहीं. ज्या काळीं तोफा बैलांनीं ओढावयाच्या, दाणागोटा बैलांच्या पाठीवर न्यावयाचा आणि हजारों घोड्यांस रोज पाणी पाजावयाचें, त्या काळीं घाट म्हणजे प्रांताचा दरवाजा होता. उत्तरेस तापीकांठीं बऱ्हाणपूर, दक्षिणेस पठारावर दौलताबाद व अहमदनगर; एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या फौजेस हा डोंगर कोठेंतरी ओलांडावाच लागे. घाटाच्या तोंडाशीं ज्याचा तळ, त्याच्या हातीं दरवाजाची कडी. म्हणूनच रोहिणखेडासारख्या लहानशा गांवाच्या शिवारांत एक नव्हे, दोन मोठ्या लढाया झाल्या.

आतां आमच्या घराविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढील भाग समजणार नाहीं. आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंची कन्या दोन वर्षांपूर्वीं जालन्याच्या बाजूस दिली. मुलगी उच्च शिक्षण घेतलेली, लग्नापूर्वीं शिकविण्याचें काम करीत असलेली. आणि तें काम पुढें चालूं राहील असें बोलणें झालेलें. परंतु लग्नानंतर सासरीं त्या बोलण्याचा विसर पडला. घरांत कोणी छळ करीत होतें असें नाहीं. 'पुढें पाहूं' हे दोन शब्दच काय ते अडसरासारखे आडवे पडले होते. तिनें आईस दूरध्वनीवरून सर्व सांगितलें, आणि गेल्या हिवाळ्यांत ती माहेरीं आली. थोरले बंधु स्वभावानें तापट. त्यांनीं एकदम जाहीर केलें कीं, मुलीला परत धाडावयाची नाहीं; उलट व्याह्यांस चांगला धडा शिकवावयाचा. धाकट्या बंधूंचें मत अगदीं विरुद्ध. त्यांचें म्हणणें, सासर म्हटलें कीं थोडें सोसावेंच लागतें. घरांत दोन तट पडले. पंक्तीला बसलें असतांही बोलणें तुटक होऊं लागलें, आणि मुलें मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून गप्प बसूं लागलीं.

अशा वेळीं आमच्या मातोश्रींनीं सुचविलें कीं, "घरांत बसून डोकीं तापतात. मुलांना कुठें तरी बाहेर न्या, आणि मलाही न्या." मातोश्रींचें वय ब्याऐंशी, फार लांब जाणें शक्य नव्हतें. रोहिणखेड ठरलें तें केवळ जवळ म्हणून. आम्ही लहानमोठीं मिळून अकरा माणसें सकाळींच निघालों.

रोहिणखेडास एक लहान परंतु देखणी मशीद आहे. ती १५८२ सालीं खुदावंदखान महदवी यानें बांधिली. तेथें असलेल्या मंडळींस विचारून, पादत्राणें बाहेर ठेवून आम्हीं ती पाहिली. आम्हीं कोण, कोठून आलों, हें त्यांनीं आपुलकीनें विचारलें, आणि मातोश्रींना बसावयास जागा करून दिली. मशिदीच्या मागें डोंगराची भिंत उभी दिसते. ती पाहिल्याबरोबर मुलांना घाट, दरवाजा आणि कडी या सर्व गोष्टी न सांगतां कळल्या. पुस्तकांतील चार पानें वाचून जें समजत नाहीं, तें असें एका नजरेंत समजतें.

पुढें एका झाडाखालीं आम्हीं दशम्या, चटणी आणि दहींभात सोडला. तेथें पुतण्यानें विचारलें, "काका, इथें लढाया झाल्या त्या कशाकरितां?" आम्हीं आदल्या रात्रीं थोडें वाचून ठेविलें होतें, तें सांगूं लागलों.

पहिली लढाई १४३७ सालची. त्या वेळीं दक्षिणेंत बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा राज्य करीत होता आणि वऱ्हाड त्याच्या ताब्यांत होतें. खानदेशांत बऱ्हाणपुरास फारुकी घराण्यांतील नासिरखान राज्य करीत होता. नासिरखानाची मुलगी अल्लाउद्दिनास दिलेली. म्हणजे हे दोघे सासरे-जांवई. पुढें कोंकणच्या स्वारीनंतर संगमेश्वरच्या राजाची कन्या सुलतानाच्या जनानखान्यांत आली, आणि त्याचा सारा ओढा तिच्याकडे लागला. पहिल्या राणीनें आपलें दुःख बापास लिहून कळविलें, असें तवारिखकार सांगतात. बाप फौज घेऊन वऱ्हाडांत शिरला. त्याच्या मनांत मुलीच्या दुःखाबरोबर मुलखाचा लोभही असणारच. वऱ्हाडांतील कांहीं सरदार त्याला जाऊन मिळाले, आणि बहमनी सुभेदारास नरनाळ्याच्या किल्ल्यांत कोंडून घ्यावें लागलें. तेव्हां सुलतानानें खलफ हसन बसरी यास पाठविलें. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याची पदवी 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. त्यानें रोहिणखेडास नासिरखानाला गांठलें, त्याचा पुरा मोड केला, आणि पाठलाग करीत बऱ्हाणपुरावर जाऊन तें शहर लुटलें. नासिरखान त्याच वर्षीं मरण पावला.

एवढें सांगून आम्ही थांबलों. मुलांना बसऱ्याच्या व्यापाऱ्याचें मोठें कौतुक वाटलें. परंतु मातोश्रींनीं निराळेंच विचारलें. त्या म्हणाल्या, "सासऱ्यानें जांवयावर स्वारी केली, तें कळलें. कोण जिंकलें तेंही कळलें. पण त्या पोरीला कोणी विचारलें होतें का रे, कीं बाई, तुला काय हवें आहे?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. थोरले बंधु हातांतील घांस तसाच धरून बसले. वहिनींनीं मान खालीं घातली. मातोश्रींनीं कोणाकडे रोंखून पाहिलें नाहीं, कीं आवाजही चढविला नाहीं. त्यांनीं आपला प्रश्न जवळजवळ सहाशें वर्षांपूर्वींच्या नासिरखानालाच विचारला होता. परंतु तो जेथें लागावयाचा तेथें लागला.

मुलांनीं दुसऱ्या लढाईचा आग्रह धरला, म्हणून तीही सांगितली. ती १५९०-९१ च्या सुमाराची. अहमदनगरच्या निजामशाहींत त्या वेळीं इस्माईल नांवाचा अल्पवयी मुलगा गादीवर होता, आणि खरी सत्ता जमालखानाच्या हातीं होती. मुलाचा बाप बुऱ्हाण पूर्वीं अकबराच्या आश्रयास गेलेला. तो आतां गादीवर हक्क सांगत परत आला. अकबराच्या सांगण्यावरून खानदेशचा राजा अलीखान त्याच्या साहाय्यास उभा राहिला. म्हणजे पहिली लढाई सासऱ्या-जांवयाची, तर ही बापलेकांची. रोहिणखेडास जमालखान पडला, इस्माईल पकडला गेला, आणि बाप मुलाच्या गादीवर बसला. ज्या खानदेशच्या घराण्यानें १४३७ सालीं येथें मार खाल्ला, त्याच घराण्यानें दीडशें वर्षांनंतर येथेंच जय मिळविला. ज्या मशिदींत आम्ही नुकते जाऊन आलों होतों, ती त्या वेळीं अवघी आठ-नऊ वर्षांची होती. आणि तिचा बांधणारा खुदावंदखान हा हरलेल्या जमालखानाच्याच पक्षाचा होता.

या जयाचें फळ काय मिळालें तेंही पाहण्यासारखें आहे. बुऱ्हाण १५९५ सालीं वारला. मागें गादीसाठीं तंटे माजले, आणि मोंगलांची फौज अहमदनगरच्या तटाशीं येऊन ठेपली. त्या वेळीं किल्ला लढविला तो बुऱ्हाणाची बहीण चांदबिबी हिनें. इस्माईलची ती आत्या. बापलेकांनीं जें घर दुभंगलें, तें आत्येनें सांवरून धरलें. परंतु १५९६ च्या तहांत वऱ्हाड मोंगलांस द्यावें लागलें, आणि १६०० सालीं अहमदनगरही गेलें. घरांतील भांडण मिटविण्यास बाहेरची फौज आणली कीं ती फौज नुसतें भांडण मिटवून परत जात नाहीं, एवढें तात्पर्य तर आमच्या दहा वर्षांच्या पुतण्यानेंही काढलें.

परततांना आमची पुतणी आपण होऊन बोलली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठीं भांडायला निघालांत, याचें मला बरें वाटलें. पण मला तिकडचें घर सोडायचें नाहीं, आणि तिथें गप्पही बसायचें नाहीं. माझें म्हणणें मीच मांडीन. तुम्ही नुसते माझ्या शेजारीं बसा." बंधूंनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तिला आपल्या खोलींत बोलावून घेतलें आणि दोन तास तिचें ऐकून घेतलें. आमच्या घरांत वडील माणसानें दोन तास न बोलतां बसणें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पंधरा दिवसांनीं तिला पोंचविण्यास बंधु, वहिनी आणि आम्ही निघालों. बुलढाण्याहून चिखली, देऊळगांवराजा या वाटेनें जालन्याकडे जातां येतें. थोडी वाट वाकडी केली तर सिंदखेडराजा लागतें. पुतणीनेंच तेथें थांबण्याचा हट्ट धरला.

सिंदखेडास लखुजीराव जाधवांच्या वाड्याचें भव्य प्रवेशद्वार आजही उभें आहे. याच वाड्यांत १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला असें मानतात, आणि दर वर्षीं त्या दिवशीं येथें मोठा समुदाय जमतो. गांवांत रंगमहाल आहे, मोती तलाव आहे, आणि लखुजीरावांची मोठी समाधि आहे. या समाधीच्या परिसरांत पुरातत्त्व खात्याचें दुरुस्तीचें काम चालूं असतांना, २०२४ च्या जून महिन्यांत, जमिनीखालीं एका शिवमंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची सुमारें पावणेदोन मीटर लांबीची सुंदर मूर्ति सांपडली. चारशें वर्षांपूर्वींची समाधि पाहावयास जावें, तों तिच्या पायाशीं त्याहून जुनें जग निघावें, असा आमच्या जिल्ह्याच्या मातीचा गुण आहे.

परंतु पुतणीचें लक्ष मूर्तीपेक्षां समाधीकडे अधिक होतें. जिजाबाईंच्या माहेरची कथा ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवशीं मात्र ती तिला निराळी दिसली असावी. निजामशाही दरबाराबाहेर एकदां खंडागळ्यांचा हत्ती उधळला, आणि त्याच्या निमित्तानें जाधव व भोसले यांच्यांत हातघाई झाली. तींत लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी मारला गेला, आणि शहाजीराजांचे चुलतबंधु संभाजी हे लखुजीरावांच्या हातून पडले. माहेर आणि सासर यांच्यामध्यें असें रक्त सांडलेलें. पुढें १६२९ सालीं लखुजीराव, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांस दौलताबादेस भर दरबारांत दग्यानें ठार करण्यांत आलें. आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. पोटांत मूल असतां ज्या स्त्रीनें बाप, भाऊ आणि भाचा एकाच दिवशीं गमावले, तिनें मुलास सूड शिकविला असता तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. तिनें तें केलें नाहीं. तिचें दुःख तिनें कोणा एका घराच्या वैरांत खर्चीं घातलें नाहीं. त्याहून मोठ्या कामास लाविलें. पुढें याच जाधवांच्या कुळांतील धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापति झाले, आणि दोन्ही घरें एका निशाणाखालीं आलीं. १६७४ च्या ६ जूनला राज्याभिषेक झाला, आणि १७ जूनला पाचाडास जिजाबाईंनीं देह ठेविला.

नासिरखानाची मुलगी आणि लखुजीरावांची मुलगी, या दोघींची तुलना करावी असा आमचा हेतु नाहीं. एकीचें नुसतें गाऱ्हाणें आपल्यापर्यंत आलें, दुसरीचें सारें चरित्र आलें. परंतु एकाच जिल्ह्यांत, एका घाटाच्या खालीं आणि वर, हीं दोन स्थळें आहेत. आणि दोन्हींकडे मूळ प्रश्न एकच आहे: मुलीच्या दुःखाचें घरानें काय करावें? तें दडपावें, त्याची लढाई करावी, कीं तिच्या हातीं तिचा शब्द राहूं द्यावा? राज्यांच्या इतिहासांत हा प्रश्न तळटीपेंत जातो. घरांच्या इतिहासांत तो पहिल्या पानावर असतो.

जालन्याकडील बोलण्याचा तपशील येथें देण्याचें कारण नाहीं. पुतणी बोलली, बंधु शेजारीं बसले, आणि व्याह्यांनींही ऐकून घेतलें, एवढें पुरे. सर्व कांहीं सुरळीत झालें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अशा गोष्टी एका बैठकींत सुटत नसतात. परंतु ती आतां तेथील एका शाळेंत आठवड्यांतून तीन दिवस शिकविते, आणि तिच्या सासूबाईंनीं सकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी त्या तीन दिवसांपुरती आपल्याकडे घेतली आहे. आमच्या घरांतील दोन तटही पुन्हां एका पंक्तीस आले.

वाचकांपैकीं ज्यांस असा जवळचा प्रवास करावासा वाटेल, त्यांच्यासाठीं थोड्या सूचना करतों. एका दिवशीं एकच स्थळ पाहावें. निघण्यापूर्वीं आदल्या रात्रीं त्या स्थळाविषयीं घरांत मोठ्यानें एक-दोन पानें वाचावीं. जिल्ह्यांचीं गॅझेटियरें या कामीं फार उपयोगी आहेत. स्थळीं गेल्यावर पहिला प्रश्न 'कोणी बांधलें' हा न विचारतां 'येथेंच कां' हा विचारावा, म्हणजे नदी, घाट, पाणी आणि रस्ता हीं सर्व आपोआप बोलूं लागतात. देऊळ असो, मशीद असो, तेथील लोकांची परवानगी व तेथील रीत पाळावी. भिंतीवर नांव कोरणें हा असभ्यपणा तर आहेच, परंतु संरक्षित वास्तूच्या बाबतींत तो गुन्हाही आहे. असा पहिला सर्वसाधारण कायदा या देशांत १९०४ सालीं झाला, आणि १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुलांस हें दरडावून सांगण्यापेक्षां वाटेंतच समजावून सांगावें.

रोहिणखेड पाहून झाल्यावर ज्यांस सवड असेल त्यांनीं बऱ्हाणपूरही पाहावें. रोहिणखेडचा विजेता राजा अलीखान यानें बांधविलेली तेथील जामा मशीद त्याच सुमाराची आहे. तींत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टिकर्त्यास वंदन करून त्यांत फारुकी राजांची वंशावळ दिली आहे, आणि काळ सांगतांना आपल्या पंचांगाप्रमाणें शक, संवत्, तिथि, नक्षत्र यांचा उल्लेख केला आहे. ज्या घरांत अद्याप पंचांग उघडलें जातें, त्या घरांतील मुलांनीं हा लेख अवश्य पाहावा. पाठ्यपुस्तकांतील दोन ओळींपेक्षां तो काळ किती गुंतागुंतीचा होता, हें तो एक दगड सांगतो.

आणि शेवटची, परंतु आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची सूचना ही कीं, घरांतील म्हाताऱ्या माणसांस बरोबर न्यावें. त्यांच्यामुळें चालणें सावकाश होतें, खर्च वाढतो, वाटेंत दहादां थांबावें लागतें, हें सर्व खरें. परंतु सनावळी आपण सांगूं शकतों. त्या सनावळींतून विचारावयाचा खरा प्रश्न ज्यांनीं पुष्कळ घरें, पुष्कळ लग्नें आणि पुष्कळ भांडणें पाहिलीं आहेत, त्यांनाच सुचतो. असा एक प्रश्न घेऊन घरीं आलेलें कुटुंब दहा किल्ले पाहून आलेल्या कुटुंबापेक्षां अधिक प्रवास करून आलें, असें आम्ही समजतों.